गडग्याला टेकून

"अगो, ऐकलंस का? काल त्या शिबिराच्या मास्तराला चावल्या!"

काकूंची बातमी अशीच येते. क्रियापद आधी, कर्ता मागाहून, आणि कर्ता कळेपर्यंत ऐकणाऱ्याने हातातलं काम टाकून गडग्याशी यायचं. मी बादली ठेवली आणि गेले.

"कोण चावलं?"

"तांबड्या मुंग्या गो. खालच्या पाखाडीत ते पर्यटकांचं नवं घर झालंय ना, तिथं पुण्याची माणसं उतरलीत. झाडाला मिठी मारायचं शिबिर आहे. पैसे भरून! डोळे मिटायचे, खोडाला कवळायचं, श्वास सोडायचा. मास्तराने करून दाखवायला धरलं ते नेमकं आमचं कलम. वर मुंग्यांनी पानं शिवून हे एवढं घर केलेलं. पण ह्याचे डोळे मिटलेले, त्याला काय दिसणार? श्वास असा सोडला म्हणतेस, देवळापर्यंत ऐकू गेला."

"हसू नका काकू. जपानात 1982 सालापासून सरकारचं वनखातंच लोकांना सांगतंय, रानात जा, नुसते हिंडा, त्याने बरं वाटतं. शिनरिन-योकू म्हणतात त्याला. रानातली आंघोळ."

"आंघोळ करा की. मुंग्या बघून करा." काकूंनी दोन्ही कोपरं गडग्यावर टेकवली, म्हणजे आता अर्धा तास निश्चिंती. "हे सगळं करोनापासून सुटलंय बघ. घरात कोंडून घातलं तेव्हा ह्यांना आठवलं, अरे, झाड म्हणून एक असतं."

आमचा हा गडगा आधी इतका सोयीचा नव्हता. नुसत्या चिऱ्यावर चिरा रचलेला, चुना ना सिमेंट, पण माझ्या हनुवटीला लागेल एवढा उंच. निसर्ग वादळात काकूंचा फणस त्यावर आडवा झाला. मग जे चिरे धड राहिले त्यांत तो कमरेएवढाच उभा राहिला आणि दोन्ही घरांनी तो तसाच ठेवला. गप्पांना बरा पडतो. भाजीची वाटी द्यायलाही.

पण त्याचा खरा उपयोग झाला तो वादळाआधी. 2020 च्या मेमध्ये आम्ही डोंबिवलीहून ई-पास काढून सासरच्या ह्या घरी आलो तेव्हा. आंजर्ल्याहून वर केळशीकडे जाताना जी गावं लागतात त्यातलं हे एक. तेव्हा मुंबईकर दिसला की लोक वाट सोडून बांधावर चढत. गावाच्या तोंडाशी लाकडं आडवी टाकलेली. ज्यांना वेगळं घर नव्हतं ते चाकरमानी मराठी शाळेत 14 दिवस, आम्ही आमच्याच घरात 14 दिवस, दारावर चिठ्ठी. काकू रोज सकाळी गडग्यावर ताट ठेवायच्या, तीन पावलं मागे जायच्या आणि तिथून ओरडून गावाची खबर सांगायच्या. डोंबिवलीत वीस वर्षं राहून शेजारणीशी जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या चौदा दिवसांत बोलले.

"शाळेतल्या मंडळींची गंमत तुला माहीत नाही," काकू म्हणाल्या. ती मला पाठ आहे, पण काकूंना तसं सांगायचं नसतं. "बँकेतला कॅशियर होता ना एक, तो दोन दिवस नुसता फोनकडे बघून रडकुंडीला आलेला. आकडे वाचायचा. आज इतके गेले, काल इतके गेले. तिसऱ्या दिवशी शिपायाने वैतागून त्याच्या हातात कुदळ दिली, म्हणाला, साहेब, मागचा तुकडा पडीक आहे, बघा काही जमलं तर. ह्याने जन्मात कधी माती चिवडली नव्हती. पडवळ लावला, तोंडली लावली. चौदा दिवस संपले, घरी गेला, तरी संध्याकाळी शाळेच्या मागे हजर. पडवळ सरळ वाढावा म्हणून टोकाला दगड बांधतात हे कळल्यावर तर त्याने वेगवेगळ्या वजनाचे दगड बांधून बघितले आणि वहीत मांडून ठेवलं. कॅशियरच तो. जमा-खर्च सुटायचा नाही."

"आणि तुमचं काय चाललं होतं तेव्हा?"

"माझं काय चालायचंय? पाडव्याच्या दिवशीच बंद झालं ना सगळं." बरोबर. 2020 चा गुढीपाडवा 25 मार्चला होता, टाळेबंदीचा पहिलाच दिवस. "शिमगा झाला, पालखी घरोघर फिरली, तोवर कुणाला पत्ता नाही. आणि पाडव्याला कडुलिंबाची डहाळी आणायला पोरगा बाहेर पडला तर पोलिसाने हटकलं. मी म्हटलं, मेल्या, लिंब नको खाऊ तर काय खाऊ? औषधच आहे ते."

औषध नव्हे, काकू, असं म्हणायचं तोंडावर आलं होतं. तेव्हा काढ्यांचा इतका सुकाळ झाला होता की एक लिंबाची डहाळी वाढली म्हणून काय बिघडलं?

"पण खरं सांगू? त्या वर्षी किनाऱ्यावर बरं होतं." आवाज जरा खाली आणून, जसं काही हे बोलणं पाप आहे. "कासवाची पिल्लं बघायला मेळे लागतात ना, ते मार्चच्या मध्यावरच बंद झाले. इथं, वेळासला, सगळीकडे. घरगुती खोल्या रिकाम्या, लोकांचं नुकसान झालं, ते खोटं नाही. पण पिल्लं थांबली का? आपला कासवमित्र तेवढा परवानगी काढून पहाटे जायचा. टोपली उचलायची, पिल्लं वाळूवर सोडायची. फोटोवाला नाही, टाळ्या नाहीत. मी दोनदा लपून गेले. तू कुणाला सांगू नकोस."

सांगायचं कुणाला? गावात सगळ्यांना माहीत आहे.

ह्या कासवांचं मला फार वाटतं. वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून घरटी राखायला घेतली. त्याआधी अंडी चोरीला जायची किंवा कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जायची. ऑलिव्ह रिडले मादी रात्री येते, शंभरेक अंडी घालते, वाळू दाबते आणि निघून जाते. मागे वळून बघणं नाही. पुढे दीड-दोन महिने वाळूची ऊब जे करेल ते. ऊब जास्त असली तर माद्या जास्त, कमी असली तर नर.

"म्हणजे ऊन तापलं की मुलीच मुली?" हे सांगितलं तेव्हा काकूंनी विचारलं होतं. "मग आमच्या सासूबाईंना उगाच नवससायास करावे लागले. भर उन्हाळ्यातल्या आम्ही!"

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्याच दिवसांत वेगळाच निसर्ग वाहत होता. व्हेनिसच्या कालव्यात डॉल्फिन आले म्हणून एक चित्रफीत आली. लोकांनी डोळे पुसले, हात जोडले, पृथ्वी स्वतःला बरी करतेय असं लिहिलं. ती चित्रफीत व्हेनिसची नव्हतीच, सार्डिनिया बेटावरच्या बंदरातली होती. काकूंना हे सांगितलं तर त्यांना खोटेपणाचं काही वाटलंच नाही. त्यांचं म्हणणं निराळं, "डॉल्फिन तर आमच्या मुरुड-हर्णैचे होडीवाले रोज दाखवतात. त्यासाठी जगभर साथ कशाला यायला हवी?"

मला ह्यात त्यांचं पटतं. माणसं घरात बसली की निसर्ग सुखावतो आणि आपल्याला क्षमा करतो, ही तेव्हाची कल्पना फार गोड होती. शहरात गॅलरीत उभं राहून ती सुचायची. मीही दयाळाची शीळ ऐकून गहिवरत होते, नाही म्हणत नाही. मार्च-एप्रिलमध्ये दयाळ गातोच. तो आधीच्या वर्षीही गात होता, फक्त खाली रिक्षा होत्या.

आणि मग 3 जून आला.

त्या दिवसाबद्दल काकू बोलत नाहीत, बोलल्या तर तुकड्यात बोलतात. म्हणून मीच सांगते. वादळ दुपारी श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, ताशी 110-120 किलोमीटरचा वारा. आम्ही मधल्या घरात, काकू-काका आमच्याच घरात, कारण त्यांची कौलं पहिल्या तासाभरातच उडायला लागली होती. मास्क कुणाला, अंतर कुणाला! साथ विसरली गेली. संध्याकाळी वारा पडल्यावर दार उघडलं तर समुद्र दिसला. आमच्या दारातून समुद्र कधी दिसतच नसे. मध्ये काकूंचं आगर होतं. पोफळी कमरेत मोडलेल्या, माड मुळांसकट लोळलेले, जायफळाचं झाड कुठे गेलं ते कळेना. तीन पिढ्यांनी शिपलेलं आगर दोन-तीन तासांत मोकळं.

आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्याच जूनमध्ये बुलढाण्याचं लोणार सरोवर गुलाबी झालं, सगळ्या देशाने फोटो पाहिले, आणि आम्हाला ते महिन्याने कळलं. पाणी आटून खारटपणा वाढला की त्यात गुलाबी रंगाचे सूक्ष्मजीव माजतात, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितलं. काकूंची त्यावरची प्रतिक्रिया एवढीच होती, "बरं झालं. कुणाचं तरी काहीतरी रंगीत झालं."

आषाढी आली. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका त्या वर्षी एसटीने पंढरपूरला गेल्या. काका म्हणाले, देवाला एसटी मिळाली, आपल्याला पत्रे कधी मिळतात बघू. भरपाईचा हिशोब हेक्टरात व्हायचा आणि इथलं आगर गुंठ्यात, तेव्हा काय हातात आलं असेल ते कुणीही मांडून बघावं. पडलेले माड कापायला करवतवाला मिळेना, मिळाला तर म्हणेल तो भाव.

"तेव्हा तुम्ही काय केलंत हो, अगदी पहिल्यांदा?" हे मी आज विचारलं. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

"हीर काढले."

"काय?"

"हीर. एवढी झापं पडलेली. बसून बसून काय करू? एकेक पात सोलायची, हीर काढायचे, खराटे बांधायचे. ढीग झाले खराट्यांचे. घेणार कोण? बाजार बंद. पण हाताला चाळा. मग शेजारच्या वाडीतली सून आली, ती झापं विणायला लागली, छपरावर घालायला. तिला चांगलं येतं विणकाम. तिने मधे मधे नक्षी काढली. छपरावर नक्षी! मी म्हटलं, कोण बघणार? कावळे? तर म्हणते कशी, कावळ्यांनाही सध्या करमत नाही."

मग आमच्या दोघींच्याही हसण्याने कोंबड्या पळाल्या.

त्याच पावसाळ्यात पोस्टातल्या बाईंच्या मुलाचं प्रकरण झालं. शाळा फोनवर भरायची आणि फोनला रेंज फक्त वर सड्यावर. रोज सकाळी पाच-सात पोरं छत्र्या घेऊन सडा चढायची. बाकीची पोरं काय शिकली देव जाणे. ह्याला खाली बघायची खोड. जांभ्याच्या त्या उघड्या खडकावर एरवी कोण जातं? गुरं आणि गुराखी. श्रावणात तिथं कातळावर जेमतेम बोटभर मातीत जांभळी, पिवळी, पांढरी फुलं उठतात. सीतेची आसवं, सोनकी, गेंद. पोरगा रोज एक चित्र काढायचा. रंगांची पेटी कोरडी झाल्यावर हळद आणि जांभळाचा रस. मास्तरांनी फोनवर गणित विचारलं की रेंज गेली म्हणायचा.

"ती वही मी पाहिली आहे," काकू म्हणाल्या. "त्या आसवांच्या चित्राखाली त्याने लिहिलंय, हे झाड किडे खातं. मी त्याच्या आईला म्हटलं, पोराला आवर, भलतंसलतं लिहितो. मग तो मला घेऊन गेला वर. ह्या वयात! मुळाशी बारीक पिशव्या असतात म्हणाला, त्यात किडे अडकतात. मला काही दिसलं नाही, पण उताणी झोपून आभाळ बघून आले. लग्नानंतर पहिल्यांदा."

तो मुलगा आता दापोलीला वनस्पतिशास्त्र शिकतोय. पोस्टातल्या बाई सांगतात की इंजिनिअर झाला असता. काकू सांगतात की बाई उगाच सांगतात.

चित्रांवरून मला आठवलं. माझ्या बहिणीची मुलगी लंडनला असते. तिने 2021 मध्ये तिथल्या रॉयल अकॅडमीतलं डेव्हिड हॉकनीचं प्रदर्शन पाहिलं आणि त्याचं जाडजूड पुस्तक मला पाठवलं. हा चित्रकार 2020 च्या वसंतात फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात आपल्या जुन्या शेतघरात अडकलेला. वय 82. आयपॅडवर बोटाने आणि पेनाने रोज आवारातली झाडं काढत बसला. नुसत्या फांद्या, मग कळ्या, मग फुलांनी लगडलेली सफरचंदं, नासपती, चेरी. शंभराहून जास्त चित्रं. मी ते पुस्तक गडग्यावर उघडून काकूंना दाखवलं होतं.

"म्हाताऱ्याचा हात चांगला आहे," पानं उलटत त्या म्हणाल्या होत्या. "एकटा असतो?"

"नाही, मदतीला माणसं आहेत. सिगारेट फार ओढतो म्हणे."

"ओढू दे. पण अगो, सगळं कोवळं आणि हिरवंच काढलंय ह्याने. पडलेलं काहीच नाही. ह्याच्याकडे वारा सुटत नाही?"

प्रदर्शनाच्या परीक्षणात कुणी असं लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

मी तरी हॉकनीची बाजू घेते. बघणं ही साधी गोष्ट नाही आणि खिडकीचं मोल तर डॉक्टरांच्या कागदांवरही दिसलंय. रॉजर उलरिच म्हणून एक अमेरिकन संशोधक, त्याने पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी काढल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रोगी, 23 जणांच्या खिडकीतून झाडं दिसत आणि 23 जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले, त्यांना जोरकस वेदनाशामकं कमी लागली. 1984 साली छापून आलं ते.

"आणि भिंतवाले?" काकूंनी विचारलं.

"ते उशिरा गेले."

"बिचारे." मग जरा थांबून, "आमच्या ह्यांचीही खाट खिडकीशी होती. दुसऱ्या लाटेत, तालुक्याच्या सेंटरात. बाहेर शेवगा आणि त्यावर तांबट बसायचा. टुक टुक टुक, दिवसभर. शेजारचा माणूस आपलं ऑक्सिजनचं यंत्र बघत बसायचा, आणि हे टुकटुक मोजत बसायचे. फोनवर मला आकडा सांगायचे. मी म्हणायची, ऑक्सिजनचा सांगा हो! तर म्हणायचे, तो नर्सला विचार."

काका बरे होऊन आले. पण त्याच महिन्यात, ठाण्याला, काकूंचा धाकटा भाऊ गेला. जाता आलं नाही. कुणी व्हिडिओ पाठवला होता, तो त्यांनी उघडला नाही.

हे मी गडग्याच्या अलीकडून पाहिलेलं आहे. त्या दिवशी काकू घरात गेल्या नाहीत. आगराच्या मोकळ्या जागेत उभ्या होत्या, मग कुदळ घेतली आणि आळं खणायला लागल्या. पोफळीची रोपं पिशव्यांमध्ये केव्हाची येऊन पडली होती, लावायचं मन होत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी अंधार पडेपर्यंत खड्डे काढले. मी दोनदा हाक मारली, त्यांनी उत्तर दिलं नाही. तिसऱ्यांदा मी हाक न मारता गडगा ओलांडून गेले आणि माती ओढायला लागले. आम्ही काही बोललो नाही. बोलल्या त्या शेवटी एवढंच, "हे जरा तिरपं गेलंय."

पोफळीच्या लहान रोपाला ऊन सोसत नाही. आधी मोठ्या झाडांची सावली होती, तेव्हा त्याचा विचार करावा लागत नसे. आता डोक्यावर आभाळच. म्हणून मध्ये केळी लावल्या, केळी उठेपर्यंत प्रत्येक रोपाला झावळ्यांचा आडोसा. एक दिवस पाणी चुकलं तर पानं करपणार. काकूंना झोप लागत नसे, जेवण जात नसे. पण पंप चालू करायची वेळ कधी चुकली नाही. नवं रोप फळाला यायला पाच-सात वर्षं. काकू तेव्हा सत्तरीच्या पुढे. मुलगा मुंबईहून फोनवर म्हणाला होता, आई, आता कुणासाठी? ह्याचं उत्तर काकूंनी दिलं की नाही मला माहीत नाही. पंपाच्या आवाजात फोन नीट ऐकू येत नाही.

"बरं वाटायचं का हो तेव्हा, रोपांत?" मी विचारलं. शिबिराचा विषय निघालाच होता म्हणून.

"बरं?" त्यांनी शब्द चाखून बघितल्यासारखा केला. "छे गो. कंबर मोडायची. पण दुसऱ्या दिवशी उठायला लागायचं. नाही तर मी उठलेच नसते."

आणि लगेच, "तू आपल्या त्या केळीच्या खुंटाचं काय केलंस? परवा म्हणत होतीस देते म्हणून."

"देते हो. पण ते शिबिरवाले आता कुठल्या झाडाकडे वळलेत?"

"माझ्याकडे वळले होते. सकाळी एक मुलगी आली, गोड आहे, म्हणाली, आजी, आम्हाला तुमच्या बागेत शांत बसायचंय. म्हटलं, बस की. अर्धा तास बसली. मग म्हणाली, खूप शांत वाटतं. म्हटलं, वाटणारच, पंप बंद आहे."

"आणि तो दलाल? जमिनीचा? परत आला होता ना?"

"अगो, तेच सांगायला आले आणि ह्या मुंग्यांनी घोळ केला!" काकूंनी गडग्यावरून पुढे वाकून आवाज बारीक केला, जरी आसपास एक मांजर सोडून कुणी नव्हतं. "रविवारी आला. पांढरे बूट. म्हणतो, समुद्र दिसतो इथून, सोन्याचा भाव येईल, कशाला ह्या वयात खस्ता काढता. म्हटलं, बोलू या, बस. पण आधी ती शेणखताची पाटी तेवढी माडांपर्यंत ने बाबा, आमचे हे आता उचलत नाहीत. एक नेली. म्हटलं, शेजारच्या आळ्याला पण. दुसरी नेली. बूट काढून ठेवले मग. चार माड झाले. पाणी प्यायला, नारळ फोडून दिला. किमतीचं विसरूनच गेला. जाताना विचारतो, खत वर्षातून कितीदा घालतात?"

"मग?"

"मग काय, येत्या रविवारी परत येतोय. पाट्या काढून ठेवल्यात मी. तुझेही दोन माड राहिलेत ना खताचे? आणून ठेव गडग्याशी, सकाळी लवकर."